सासूबाईंची साखर आणि विसराळूपणा

प्रश्न : डॉक्टर, सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. मधुमेह आणि बीपी जुनंच. दोन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं, म्हणजे विसराळूपणाच्या आजाराचं, निदान झालं. गेल्या आठवड्यापासून मात्र एकदम वाढलंय. रात्री उठून म्हशीला वैरण टाकायला निघतात. म्हैस विकून जमाना झाला. हे साखरेमुळेच ना? पथ्य आणखी कडक करू का? — एक सूनबाई, कराड

उत्तर : पथ्याचं नंतर बघू, आधी हा आठवडा. डिमेन्शिया असा आठ दिवसांत उसळत नाही. अचानक बिघडलं तर लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम कमी होणं, पोट साफ नसणं, नाहीतर एखादं नवं औषध, हे शोधावं लागतं. म्हाताऱ्या माणसाला ताप नसतानाही संसर्ग असू शकतो. सर्दीची साधी गोळीसुद्धा असा गोंधळ घालते. मेडिकलमधून परस्पर आणली होती का, आठवा. आजच डॉक्टरांना दाखवा. हे अंगावर काढलं तर आधीची स्मृतीही पुरती परत येईलच असं नाही.

आता साखर. वर्षानुवर्षांचा मधुमेह आणि बीपी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात, हे खरं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली, त्यात हे दोन्ही आहेत. पण ‘साखरेमुळेच’ असं म्हणू नका; या वयात अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा दोष बहुधा हातात हात घालूनच येतात.

आणि पथ्य कडक? मुळीच नको. आता गंगा उलटी वाहते : विसराळूपणाच मधुमेहाला धोकादायक करतो. गोळी घेतली आणि जेवण राहिलं, किंवा गोळीच दोनदा घेतली, की साखर एकदम उतरते. घाम, थरथर, बरळणं. घरचे म्हणतात, ‘डोकं फिरलं.’ माझ्याकडे आलेल्या एका आजींच्या पिशवीत ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळीच्या तीन पट्ट्या निघाल्या, तीन कंपन्यांच्या, आणि तिन्ही चालू! अशा रुग्णात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८ टक्क्यांच्या आसपास असला तरी आम्ही चालवून घेतो. वजन घटलं की बीपीही उतरतं, मग जुना डोस जास्त होतो आणि चक्कर येऊन माणूस पडतो.

गोळ्यांचा डबा तुमच्या ताब्यात घ्या. सगळ्या पट्ट्या, अगदी आयुर्वेदिकसुद्धा, डॉक्टरांच्या टेबलावर ओता. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासायला सांगा, थायरॉइडही. कानात मळ आहे का, तेही बघून घ्या. ऐकू न आल्याने चुकलेलं उत्तर आपण उगाच विसरण्याच्या खात्यात टाकतो.