'पत्ररूप' की 'पत्रात्मक'? आणि मध्येच रोजनिशी नि चॅट आले तर?

प्रश्न असा आला आहे: पत्रं, डायरीची पानं आणि फोनवरचे मेसेज एकापुढे एक ठेवून सांगितलेल्या रहस्यकादंबरीला मराठीत काय म्हणायचं? 'पत्रात्मक' चालेल का?

नुसती पत्रंच असतील तर चालेल. वामन मल्हार जोशींची 'इंदु काळे व सरला भोळे' (१९३४) पत्रात्मक म्हणूनच ओळखली जाते. तरी 'पत्ररूप' जास्त नेमका. 'आत्मक' लागलं की लक्ष मजकुराच्या स्वभावाकडे जातं (उपहासात्मक, वर्णनात्मक), 'रूप' लागलं की घाटाकडे, म्हणजे रचनेकडे. आणि अशा कादंबरीची सगळी खुबी घाटातच असते.

खरं तर 'पत्र' शब्दाचा पैस मोठा आहे. ताम्रपत्र, मृत्युपत्र, आरोपपत्र यांतलं एकही कुणी टपालपेटीत टाकत नाही. पण सुटा 'पत्र' म्हटला की आज मायना, मजकूर आणि सही असलेला कागदच डोळ्यांपुढे येतो. म्हणून मिश्र सामग्रीला 'पत्ररूप' म्हटलं की वाचकाची दिशाभूल होते. तिथे आपला जुना 'कागदपत्र' कामाला येतो: 'कागदपत्रांतून उलगडणारी रहस्यकादंबरी'.

सर्वांत जास्त घोळ होतो तो विल्की कॉलिन्सच्या 'द मूनस्टोन' (१८६८) या इंग्रजी रहस्यकादंबरीबाबत. तिला सर्रास पत्ररूप म्हणतात. पण तिच्यातला बराचसा भाग पत्रांचा नाहीच. घटना घडून गेल्यावर एकेका माणसाने आपल्यापुरतं लिहून दिलेलं ते कथन आहे. त्याला आपल्याकडे अचूक शब्द आहे, 'जबानी'. फरक किरकोळ नाही. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते ठाऊक नसतं. जबानी देणाऱ्याला पुढचं ठाऊक असतं आणि तो काय लपवतोय हे आपण शोधायचं असतं.

रोजनिशी त्याच दिवशी लिहिलेली, आणि वाचणारा कुणी गृहीत नसलेली. (यातली 'निशी' म्हणजे रात्र नव्हे. चिटणीस, फडणीस यांतल्या 'नीस'शी तिचं नातं. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. तेव्हा रोजनिशी सकाळी लिहिली तरी शब्द चुकत नाही.) 'दैनंदिनी' म्हटलं की भेटींच्या वेळा टिपायची वही वाटते, म्हणून मनातलं लिहिलेल्या वहीला 'रोजनिशी' किंवा सरळ 'डायरी' म्हणावं.

पत्राचे अवयव रहस्यकथेत फार उपयोगी पडतात. समजा, दोन पानं घरच्या खुशालीची आणि मग:

'कळावे, लोभ असावा.
ता. क. मागच्या दाराची किल्ली अजून सापडली नाही.'

'ता. क.' म्हणजे ताजा कलम, सही झाल्यावर आठवलेलं. दुवा लपवायला याहून चांगली जागा नाही. मेसेजमध्ये ही जागा नसते. तिथे तेच काम पाठवल्याची वेळ करते, नाहीतर पाठवून पुसलेला मेसेज. म्हणून ईमेल नि मेसेजवर उभ्या असलेल्या जॅनिस हॅलेटच्या 'द अपील'ला (२०२१) 'पत्ररूप' म्हणणं ओढूनताणून होतं. 'संदेशरूप'ही नको, 'संदेश' म्हटलं की शुभेच्छासंदेश आठवतो. 'निरोप' बोलण्यात गोड, पण 'तिचा शेवटचा निरोप' लिहिलंत तर मेसेज की कायमची रजा, हे कळणार नाही. 'मेसेज'च ठेवा.

शब्दांचा क्रमही सांभाळा. 'रहस्यमय पत्रांची कादंबरी' म्हणजे पत्रंच गूढ आहेत असं होतं. हवं ते 'पत्ररूप रहस्यकादंबरी'. शिवाय रहस्यकथेत शेवटी उलगडा अपेक्षित असतो, गूढकथा तो न करताही संपू शकते. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्री कात्रणं सगळं आहे, पण ती भयकादंबरी. घाट तोच, जात वेगळी.

आणि लिहिताना अनुस्वार गाळू नका. 'पत्रातून उलगडणारी' म्हणजे एकाच पत्रातून. अनेक असतील तर 'पत्रांतून'. रोजनिशी एकच असेल तर 'रोजनिशीतून', तीन जणांच्या असतील तर 'रोजनिश्यांतून' किंवा 'रोजनिशांतून'. दोन्ही रूपं कानाला जड वाटली तर 'तिघांच्या डायऱ्यांतून' म्हणून मोकळं व्हावं.