बाउलवरचा डोंगर पोस्टकार्डासारखा का दिसतो?

प्रश्न: मी साताऱ्याला राहते, दोन वर्षं झाली पोर्सेलिनची, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीची, भांडी करतेय. बाउलवर अजिंक्यतारा रंगवला तर अगदी पोस्टकार्ड दिसतं. ऑस्ट्रेलियाच्या पिपिन ड्रायस्डेल या सिरॅमिक कलावतीच्या भांड्यांवर तर डोंगर नाहीच, नुसत्या रेषा, तरी वाळवंट दिसतं. हे कसं जमतं? आणि कोरताना माझी कड तुटते, काय करू?

उत्तर: ताई, तुम्ही किल्ला काढताय आणि ती बाई जमिनीचं वागणं काढते, एवढाच फरक आहे. ड्रायस्डेल फ्रीमँटलच्या, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या, किम्बर्ली आणि तनामी वाळवंट हा त्यांचा विषय. तिकडचे बंगल बंगलचे डोंगर, म्हणजे २००३ साली जागतिक वारसा झालेलं पर्नुलुलू, फोटोत बघाच, वालुकाश्माचे घुमट आणि त्यावर नारिंगी-काळे पट्टे. ज्या थरात चिकणमाती जास्त तो ओल धरतो, त्यावर सूक्ष्म जिवाणू वाढतात म्हणून तो काळा, आणि जो पटकन सुकतो त्यावर लोखंडाचा गंज चढतो म्हणून नारिंगी. ड्रायस्डेल पातीने बारीक रेषा कोरतात, त्यात रंगीत ग्लेझ (भट्टीत काचेसारखा होणारा लेप) भरतात नि वरचं पुसून काढतात. रेषा गोल भांड्याभोवती फिरते तसा डोंगर आपोआप वळतो. खाली पोर्सेलिन पांढरं, त्यात लोखंड जवळजवळ नाही म्हणून रंग स्वच्छ लागतो, आपल्या लाल मातीवर तोच रंग मळका होतो. (आणि हो, चाकावरचं काम त्यांच्यासाठी बरीच वर्षं वॉरिक पामटीर यांनी केलंय, त्यामुळे सगळं एकटीनेच करायला हवं असं मनात धरू नका.)

आता तुमच्याकडे पट्टे नाहीत का? एप्रिलमध्ये कासच्या रस्त्याला उभं राहा. काळा कातळ, मग वाळलेल्या गवताची पिवळी पट्टी, परत कातळ, आणि पठारावर जांभा. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत, पायऱ्या आयत्याच आहेत! शिखराचा आकार विसरा, या पट्ट्यांची जाडी कशी बदलते तेवढंच वहीत उतरवा.

काळ्या रंगाला महागडा स्टेन (मातीकामाचा तयार रंग) कशाला, खडी क्रशरवरची बेसाल्टची, म्हणजे याच काळ्या कातळाची, कच आणा, बारीक कुटून चाळा, पाण्यात कालवून रेषांत भरा. उच्च तापमानाला ती स्वतःच वितळून तपकिरी-काळी होते. पण पातळ भरा हं, मी पहिल्यांदा जाड लावली तर ओघळून बाउल भट्टीच्या शेल्फलाच चिकटला, छिन्नीने काढावा लागला, शेल्फ गेलं ते वेगळंच. आधी टेस्ट टाइलवर, म्हणजे नमुन्याच्या तुकड्यावर, करून बघा.

कड तुटते कारण तुम्ही भांडं पार सुकल्यावर कोरताय. चामड्याइतकं घट्ट झालं की लगेच कोरा, कड आधी सुकते म्हणून तिला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून ठेवा, आणि सुक्यावर हात फिरवायचाच झाला तर मास्क लावून, सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते.