पुकारा : चाकू राहतो, कबुली जाते

(ठाण्याच्या कोर्टात ३१ वर्षं काढून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या नौपाड्याच्या काकू वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काकू, माझे बाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले. रात्री जेवताना आम्ही दोघं 'लॉ अँड ऑर्डर' या अमेरिकन मालिकेचे जुने भाग लावतो. परवाच्या भागात डिटेक्टिव्ह संशयिताला खोलीत बसवून विचारत होते. तो म्हणाला, "मला वकील हवा." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि विचारत राहिले. शेवटी तो बोलला : खून मी केला, पिस्तूल अमुक ठिकाणी टाकलं. पिस्तूल तिथेच सापडलं. पण कोर्टात न्यायाधीशांनी कबुली बाद केली आणि पिस्तूलही. बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "आपल्याकडे पिस्तूल राहिलं असतं. कबुली मात्र गेलीच असती, वकील शेजारी बसवला असता तरी." मला हे सगळं उलटंच वाटतं. बाबांचं खरं, की जुनी नोकरी बोलतेय? — ऐरोलीचा एक वाचक

उत्तर : बाबांना नमस्कार सांगा. त्यांचं अगदी खरं आहे, आणि मान वर न करता सांगितलं यावरून त्यांनी किती पंचनामे लिहिले असतील ते कळतंच.

आधी तिकडचं. १९६६ च्या मिरांडा खटल्यापासून अमेरिकेत ताब्यातल्या माणसाला प्रश्न विचारण्याआधी सांगावं लागतं, की गप्प राहायचा तुला हक्क आहे, वकिलाचा हक्क आहे. त्यानं वकील मागितला की प्रश्न थांबले पाहिजेत. हे सगळं पाळून कबुली मिळाली तर ती थेट ज्युरीपुढे, म्हणजे दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांपुढे, जाते, आणि कबुली ऐकलेल्या ज्युरीला मग दुसरं काही फारसं ऐकायचं नसतं. म्हणून तर त्या मालिकेतले पोलीस चौकशीच्या खोलीत एवढा जीव टाकतात. नियम मोडला तर कबुली जाते, आणि तिच्या मागोमाग सापडलेली वस्तूही जाऊ शकते. झाडच विषारी निघालं तर फळ कसं खायचं, असं तिकडचे वकील म्हणतात.

मकोकासारखा खास कायदा सोडला, तर आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली मुळातच चालत नाही. हक्क वाचून दाखवा, चहा पाजा, वकील मांडीला मांडी लावून बसवा, तरी नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातलं हे कलम २५. इंग्रजांना स्वतःच्याच पोलिसांचा भरवसा नव्हता. मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशीचा अहवाल १८५५ साली आला आणि १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही बंदी घातली गेली. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, त्यात हेच कलम २३ झालं. आरोपीला कबुली द्यायचीच असेल तर ती दंडाधिकाऱ्यांपुढे, पोलीस जवळ नसताना, शांतपणे विचार करायला वेळ देऊन.

मग पिस्तूल कसं राहतं? जुन्या कलम २७ मुळे. आता तेच कलम २३ ला परंतुक, म्हणजे अपवाद, म्हणून जोडलं आहे. आरोपीनं दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरतं त्याचं बोलणं पुराव्यात घेता येतं. किती घ्यायचं हे १९४६ च्या अखेरीस प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या आपल्या सर्वांत वरच्या कोर्टानं, कोट्टाया खटल्यात घालून दिलं. "ज्या चाकूनं मी त्याला भोसकलं, तो मी घराच्या छपरात लपवलाय, काढून देतो." यातला भोसकल्याचा भाग बाहेर, लपवल्याचा आणि काढून देण्याचा आत. आमचे एक न्यायाधीश साहेब मेमोरंडम पंचनामा (आरोपीनं दिलेली माहिती पंचांसमोर लिहिलेला कागद) वाचताना लाल पेन्सिलनं कंस घालायचे. कंसातलं तेवढं निशाणी, म्हणजे कोर्टानं नंबर दिलेला पुरावा, म्हणून चढायचं. नवीन टायपिस्ट हमखास सगळंच टाइप करून आणायची, आणि पहिल्या वर्षी ती टायपिस्ट मीच होते.

वस्तू बेकायदा झडतीत सापडली म्हणूनही आपल्याकडे ती आपोआप बाद होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्ये पूरनमल खटल्यात तसं सांगितलंय. मात्र मारहाण करून बोलतं केलं हे सिद्ध झालं, तर घटनेचं कलम २०(३) आडवं येतं : कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही.

आता बाबांनी जे सांगितलं नाही ते सांगते. (सांगणारही नाहीत!) आपल्याकडे कबुली चालत नाही, त्यामुळे सगळा भार येतो पंचांवर. चाकू आरोपीनं स्वतः काढून दिला, हे पाहिलेले दोन पंच. ते कोर्टात टिकले तर चाकू टिकला. आणि पंच कोण असतात? पोलीस ठाण्यासमोरचा पानवाला, रिक्षा लावून उभा असलेला एखादा, झेरॉक्सवाला. खटला उभा राहीपर्यंत पाच-सात वर्षं गेलेली. पिंजऱ्यात येऊन तो म्हणतो, "साहेब, मला ठाण्यात बोलावलं, कागदांवर सह्या घेतल्या, मी कुठे गेलो नाही." झाला फितूर.

एक खटला मी विसरत नाही. पोलीस ठाण्याचं नाव नको. चाकू कळव्याच्या पुलाजवळ खाडीच्या काठी चिखलात सापडला, वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं, असा पंचनामा. पंच मात्र एकदम पक्का. फितूर वगैरे काही नाही, उलट प्रत्येक उत्तर पाठ. लाखेचं सील तोडून खाकी कागदातून चाकू काढला, त्यानं लगेच ओळखला. लेबलावरची सहीही स्वतःची म्हणून सांगितली. आरोपीचा वकील चेंदणी कोळीवाड्यातला, तरुण पोरगा. उलटतपासणीत त्यानं एवढंच विचारलं, "चिखलात उतरताना पाय किती रुतले?" "घोट्यापर्यंत." "पाणी?" "पाणी नव्हतं, ओहोटी होती." मग त्यानं पिशवीतून त्या वर्षाचं पंचांग काढलं. तिथी पंचमी. कोळ्यांचा हिशेब साधा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीची पाऊणपट पावणेचार. खाडीत आत पाणी चढायला आणखी थोडा वेळ. म्हणजे चार वाजून दहा मिनिटांनी तिथे चिखल नव्हता, कमरेएवढं पाणी होतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मी रोजनामा लिहीत होते, माझं पेन थांबलं. चाकू कुठून तरी आला असेलच, पण त्या दिवशी तिथून नाही.

चाळीस मिनिटांच्या भागात ही गोष्ट बसायची नाही, कारण चाकू जप्त झाला तेव्हा तो वकील बहुधा अजून कॉलेजात होता.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण करावं लागतं. आता पाणी होतं की चिखल, ते मोबाइलमध्येच दिसेल. बाबांना विचारा, हे त्यांच्या वेळी असतं तर त्यांना बरं वाटलं असतं की अवघड गेलं असतं. उत्तर कळवा. छापताना नाव देणार नाही.

प्रश्न : त्याच मालिकेत खुनाचा खटला चालतो तिथे 'सुप्रीम कोर्ट' असं येतं. खुनाचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात? — वाशीच्या एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, मीही पहिल्यांदा फसले होते. न्यूयॉर्क राज्यात खटले चालवणाऱ्या कोर्टालाच सुप्रीम कोर्ट म्हणतात. म्हणजे आपल्या सत्र न्यायालयासारखं समजा. राज्याचं सर्वांत वरचं कोर्ट म्हणजे तिथलं कोर्ट ऑफ अपील्स. नावं ठेवणाऱ्यांनी हे असं का केलं, ते त्यांनाच विचारायला हवं.

प्रश्न : मालिकेत सरकारी वकील आणि आरोपीचा वकील चालता चालता सौदा करतात : खुनाचा आरोप सोडतो, सदोष मनुष्यवध कबूल कर. आपल्याकडे असं होतं का? — वर्तकनगरहून एक वाचक

उत्तर : खुनात नाही. आपल्याकडे अशी तडजोड २००६ पासून कायद्यात आहे, पण ज्या गुन्ह्याला सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा आहे त्याला ती लागू नाही. स्त्रीवर किंवा बालकावर झालेल्या गुन्ह्यालाही नाही. नव्या संहितेप्रमाणे आरोप ठेवल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. मी स्वतः असे अर्ज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पाहिले. आपला आरोपी दोषारोप ठेवला जाताना ठरलेलं वाक्य म्हणतो, "गुन्हा कबूल नाही, खटला चालवावा," आणि तारखा सुरू होतात. तिकडचा आरोपी घाबरतो, ज्युरीनं दोषी धरलं तर जन्म तुरुंगात जाईल म्हणून, आणि बहुतेक खटले असेच मिटतात. आपल्याकडे घाई कुणालाच नसते. चटकन "कबूल" म्हणणारे मी पाहिले ते जुगाराच्या अड्ड्यावर पकडलेले. ओळीनं उभे राहायचे, हात जोडायचे, दंड भरायचे आणि जांभळी नाक्याकडे चालू लागायचे.

प्रश्न : साहेब "ऑर्डर, ऑर्डर" म्हणून आपटतात तो लाकडी हातोडा मुलाला नाटकासाठी हवा आहे. कोर्टाजवळ कुठे मिळेल? — मुलुंडहून एक आई

उत्तर : कोर्ट नाक्यावर स्टॅम्प पेपर, काळा कोट, लाख, तिकीट सगळं मिळेल, हातोडा मिळणार नाही. ३१ वर्षांत मी एकाही साहेबांच्या टेबलावर तो पाहिला नाही. आवाज वाढला की पट्टेवाला "शूऽऽ" करायचा, तेवढ्यावर भागायचं. हातोडा कोर्टात होता तो बेलिफाकडे, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्याकडे, लोखंडी, जागेचा ताबा घ्यायच्या वॉरंटावर गेल्यावर कुलूप तोडायला.