बाबांचा पीएसए ६.८ आलाय, लघवीच्या टेस्टवर भागेल का?

प्रश्न: बाबा ६७ वर्षांचे आहेत. परवा चेकअपमध्ये पीएसए ६.८ आला, रिपोर्टवर ४ पर्यंत नॉर्मल लिहिलंय. महिन्यापूर्वी त्यांना युरीन इन्फेक्शन होऊन लघवी तुंबली होती, कॅथेटर घालावा लागला. घरात सगळे हबकलेत. बाबा बायोप्सीला तयार नाहीत, लघवीतूनही कॅन्सर कळतो म्हणे, मग तेवढीच टेस्ट केली तर?

उत्तर: पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत बनणारं प्रोटीन आहे, फक्त कॅन्सरमध्येच वाढतं असं नाही, ग्रंथी वयाने मोठी झाली, सुजली, इन्फेक्शन झालं, कॅथेटर घातला तरी ते रक्तात जास्त उतरतं आणि तुमच्या बाबांचं तर यातलं बरंचसं नुकतंच होऊन गेलंय. त्यामुळे या ६.८ वरून मी तरी काहीच ठरवणार नाही. इन्फेक्शन पूर्ण गेल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी परत करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. आधीचे दोन दिवस सायकलिंग आणि वीर्यस्खलन टाळायचं, हे बाबांशी बोलायला अवघड वाटत असेल तर डॉक्टरांनाच सांगायला लावा.

आणि हो, त्यांना प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी चालू आहे का? हे सांगायचं हमखास राहून जातं. सहा महिने-वर्षभर ही गोळी घेतली की पीएसए साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे रिपोर्टवर ३ दिसला तरी तो ६ धरायचा.

परत ४ ते १० मध्येच आला तर फ्री पीएसए, म्हणजे एकूण पीएसएपैकी रक्तात मोकळा फिरणारा भाग किती टक्के आहे, ते बघतात. तो १० टक्क्यांच्या खाली असेल तर शंका वाढते, २५ च्या वर असेल तर बरीच कमी होते.

आता लघवीचं. साध्या युरीन रुटीनमध्ये हा कॅन्सर कळत नाही. पीसीए३ ही टेस्ट वेगळी, त्यात डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी दाबून तपासतात आणि लगेच नंतरच्या लघवीच्या पहिल्या धारेत, ग्रंथीतून सुटून आलेल्या पेशींचं आरएनए मोजतात. पण यातून फक्त शक्यता किती ते कळतं. कॅन्सर आहे हे नक्की बायोप्सीच सांगते, आणि ती लागेल का हे ठरवायला हल्ली आधी एमआरआय करतात, बाबांना हे नक्की सांगा, त्यांची भीती थोडी कमी होईल.

मात्र बोटाच्या तपासणीत गाठ लागली, लघवीतून रक्त गेलं किंवा कंबरेची हाडं सतत दुखत असतील तर सहा आठवडे थांबू नका, लगेच युरोलॉजिस्टला दाखवा.