सोलापुरात माझ्या आईला जगबुडी येणार म्हणणारे दोन महाराज आपापल्याकडे बोलावतात. ते एकमेकांना खोटं का ठरवतात?

दोघांनाही तेच घाबरलेले भाविक आणि त्याच देणग्या हव्या आहेत, म्हणून. सोलापुरात तुमच्या आईंना दोन्हीकडून बोलावणं येतंय, यातच ते दिसतं. जगबुडी सगळ्यांचीच असेल, तर ‘वाचायचा मार्ग फक्त माझ्याकडे’ म्हटल्याशिवाय दुसऱ्याचा भक्त फुटत नाही. मग एकजण ‘लवकरच’ म्हणतो, दुसरा तारीखच देतो, कारण तारीख जवळ आली की माणूस साठवलेलं सोडतो. फेब्रुवारी 1962 च्या अष्टग्रहीला, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आल्यावर, जगबुडीच्या भीतीने देशभर यज्ञ झाले. काहीच बुडालं नाही. अमेरिकेत हॅरोल्ड कॅम्पिंग या ख्रिस्ती प्रचारकाने रेडिओवरून 21 मे 2011 ही तारीख सांगितली, ती टळल्यावर 21 ऑक्टोबर. त्याच्या प्रचारात काही श्रोत्यांनी आयुष्यभराची पुंजी घातली होती, याचं फार वाईट वाटतं. मात्र सांगणारा प्रत्येकजण लबाड नसतो. काहींचा स्वतःचाच ठाम विश्वास असतो आणि त्यांचंच लोकांना जास्त पटतं. म्हणून आईंशी श्रद्धेवरून भांडू नका. दोन्हीकडे एवढंच विचारा: नोंदणीकृत न्यासाची पावती मिळेल का, आणि तारीख टळली तर पैसे परत कराल का? दागिने आणि घराचे कागद मात्र कुणाच्याही हाती देऊ नका.