बीच झाला, मग पुढे काय?

प्रश्न : माझा भाचा त्रिनिदादला नोकरीला आहे. मार्च-एप्रिलमध्ये आम्ही त्याच्याकडे जाणार, त्यात ४ दिवस टोबॅगोच्या क्राउन पॉइंटला राहायचं ठरलंय. सोबत ७० वर्षांच्या सासूबाई आहेत, पोहता आम्हा कोणालाच येत नाही आणि घर पक्कं शाकाहारी. नुसता बीच बघून कंटाळा नाही का येणार?
- एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : काकू, पोहता येत नाही म्हणून नायलॉन पूल सोडू नका. पिजन पॉइंटवरून काचेच्या तळाची बोट मिळते, आधी बुक्कू रीफवर नेऊन खालचं पोवळं-मासे दाखवतात (पोवळ्यावर पाय मात्र ठेवू नका, मरतं ते) आणि मग भर समुद्रात या नायलॉन पूलवर थांबवतात जिथे पाणी कमरेएवढंच आणि खाली पांढरी वाळू, सासूबाईंना हात धरून उतरवा, अंबाझरीच्या काठावरून पाणी बघणाऱ्या आपल्या लोकांना ही गंमतच वाटते.

पण माझं ऐकाल तर एक अख्खा दिवस जंगलाला द्या. मेन रिज नावाचं हे जंगल १७७६ मध्येच कायद्याने राखीव झालं, कारण काय तर झाडं राहिली तर पाऊस पडत राहील! अडीचशे वर्षांपूर्वी हे कोणाला तरी पटलं होतं, आणि आपण अजून रस्त्यासाठी झाडं तोडायची की नाही यावर भांडतोय, असो. त्यातल्या गिल्पिन ट्रेस या पायवाटेवर चिखल असतो, सासूबाईंना तिथे नेऊ नका, गाडीतून दिसतं तेवढं पुरे.

ईस्टरनंतरचा मंगळवार तुमच्या तारखांत येत असेल तर बुक्कू गावची बकऱ्यांची शर्यत चुकवायची नाही, आपला शंकरपटच समजा, फक्त बैलांऐवजी बकरे आणि दोरी धरून मागे धावणारा जॉकी.

खाण्याचं म्हणाल तर स्टोअर बे हा बीच विमानतळापासून चालत जाण्याइतका जवळ, पण तिथली ख्याती खेकडा-डंपलिंगची, तुमच्या कामाची नाही. डबल्स शोधा. हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, या पुऱ्यांना तिथले लोक 'बारा' म्हणतात, आकडा नव्हे, हा शब्द म्हणजे आपला वडाच, मध्ये रसाळ चणे, कागदात गुंडाळून हातात. १८४५ पासून इकडून ऊसाच्या मळ्यांवर गेलेल्या लोकांची ही देण. विकणारा 'पेपर' म्हणजे तिखट किती विचारेल, 'स्लाइट' म्हणजे अगदी थोडं म्हणा. सावजीवर वाढलेल्यांनीही पहिल्यांदा स्लाइटच म्हणायचं बरं का.