आयबेक्सची शिंगं: इंच मोजू नका, वर्षं मोजा

भाऊ, नागपुरातला महालातला वाडा आवरताना आजोबांच्या ट्रंकेत आयबेक्सची, म्हणजे हिमालयातल्या रानबोकडाची, शिंगं निघाली, उजव्याचं टोक तुटलेलं आहे, तर शिकारी लोक शिंगं मोजून देतात तो स्कोर किती येईल आणि पैसे किती मिळतील, असं तुम्ही विचारलंय.

आधी पैशाचं सांगतो. 1972च्या वन्यजीव कायद्याने ही शिंगं विकता येत नाहीत, ओएलएक्सवर फोटोही टाकू नका. आजोबांच्या नावाचं मालकी प्रमाणपत्र शोधा. वारसाने वस्तू मिळाली की 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे कळवावं लागतं, आणि ते कार्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये, वनभवनात आहे. प्रमाणपत्र नसेल तर वकिलाला सोबत घेऊन जा, पण स्वतःहून जा.

आता स्कोर. लांबी आणि ठरलेल्या जागचे घेर मोजून बेरीज करायची, एवढंच ते गणित. तुटक्या टोकाचे इंच त्यात गेलेच. पण मला विचाराल तर तुमच्या जोडीतलं तेच शिंग जास्त मोलाचं.

शिंग बुडापासून वाढतं. म्हणजे टोक हे त्या बोकडाचं पिल्लूपण आणि कवटीलगतचा भाग त्याचं शेवटचं साल. हिवाळ्यात वाढ थांबते, तिथे बारीक खाच पडते. शिंग आडवं धरून खिडकीच्या उजेडात बाजूने आणि मागून बघा, नखाला खाच लागेल. पुढच्या जाड गाठी मोजू नका, नवखे तिथेच फसतात. गाठ म्हणजे वर्ष नव्हे. सुरुवातीच्या खाचा लांब लांब असतात, म्हातारपणी अगदी खेटून येतात. म्हणून लांबी बहुतेक तरुणपणीच कमावलेली असते. एखादा दणकट तरुण नर स्कोरमध्ये टोक तुटलेल्या म्हाताऱ्याला मागेही टाकू शकतो. पण बारा हिवाळे बर्फात काढलेला नर वेगळाच. स्पितीतल्या पिन खोऱ्यात मी असा एक दुर्बिणीतून तासभर पाहिलाय, एक टोक गेलेलं, कड्यावर निवांत बसलेला. तेव्हापासून इंचांचं मला काही वाटत नाही.

जिथे शिकार कायदेशीर आहे तिथेही हेच वय बघतात. पाकिस्तानात चित्राल आणि गिलगिटकडे मारखोर या पिळदार शिंगांच्या रानबोकडाचे मोजकेच परवाने निघतात, म्हातारे नर निवडतात आणि शुल्काचा 80 टक्के वाटा गावांना जातो. गावकरीच राखण करू लागले. 2015मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या ‘संकटग्रस्त’ यादीतून मारखोर बाहेर आला. त्या शिंगांमागे गावाची शाळा, दवाखाना असतो; टेपवर ते कुठे दिसणार?

तर ट्रंक पुन्हा नीट बघा. जुना शिकारीचा परवाना, एखादं पत्र, शिंगाला बांधलेली चिठ्ठी, काहीही असेल तर फेकू नका. त्यावर खोऱ्याचं नाव आणि साल मिळालं, तर अख्ख्या शिंगावरच्या खाचा उलट मोजत जाऊन तो बोकड कोणत्या वर्षी जन्मला ते आपल्याला काढता येईल. मोजून झालं की आकडा इथे लिहा.